बरं ताई, येतो

मला एक वाईट खोड आहे. कुणाला मेसेज पाठवला की त्याने तो वाचला का, हे मी दर दोन मिनिटांनी बघते. गॅसवर दूध असो, दारात पाहुणे असोत, हात पिठाने बरबटलेले असोत, करंगळीने का होईना पण मी फोन उघडतेच. खुणा निळ्या झाल्या की बरं वाटतं, पण ते तेवढ्यापुरतंच. लगेच दुसरी किरकिर सुरू: वाचलं ना, मग उत्तर द्यायला काय झालं? लेक म्हणते, "आई, हा फोन तुला एक दिवस वेड लावणार." मी म्हणते, "लावून झालंय. आता काय लावायचं राहिलंय!"

माझा धंदा नागलीचा. पुण्या-मुंबईकडचे लोक तिला नाचणी म्हणतात. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला एका गल्लीत माझा छोटा गाळा आहे. तिथे मी आणि चार बायका मिळून नागलीचे पापड, सत्त्व आणि बिस्किटं करतो. नागली येते हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरून. तिथे एक मामा राहतात. सख्खे नव्हेत. हरसूलच्या आठवडे बाजारात एका कोपऱ्यात पोतं उघडून बसलेले असताना ओळख झाली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी त्यांना मामा म्हणायला लागले. आपल्या शेतातली आणि पाड्यावरच्या दहा-बारा घरांमधली नागली ते गोळा करतात, वाळवतात, मामी पाखडते, आणि ती सगळी माझ्याकडे येते. बारा वर्षं असंच चाललं होतं. कागद नाही, सही नाही.

आता तिथे जाऊन नागली ठरवायची म्हणजे काय प्रकार असायचा, ते सांगते. दिवाळी झाली की मी सकाळी निघायचे. त्र्यंबकच्या पुढचा घाट, मग ती वळणं, मग गाडी एका शाळेपाशी लावून खाली पायवाट. खळ्यावर रास पडलेली असायची. मामी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, हळदकुंकू वाहायची, मला पाट द्यायची. मग कोरा चहा. मग पाऊसपाण्याची चौकशी. मग कुणाचं लग्न झालं, कुणाचं मोडलं, कुणाच्या गाईला वासरू झालं. दुसरा चहा. माझा जीव नुसता वरखाली. गाळ्यावर बायका खोळंबलेल्या, आणि इथे नागलीचा 'न' कुणी काढत नाही! दुपार कलायला लागली, मी उठायला लागले की मामा म्हणायचे, "मंग ताई, नेताय ना?" मी म्हणायचे, "नेते ना." झालं. एवढ्या दोन शब्दांसाठी माझा अख्खा दिवस जायचा.

खोटं कशाला बोलू, मला कंटाळा यायचा. लोक अशा गोष्टी सांगताना डोळे मिटून सांगतात, काय ती माणसं, काय तो निवांतपणा. मला निवांतपणा सोसत नाही. पाटावर बसले तरी माझा पाय हलत असतो. मामी एकदा हसून म्हणाली होती, "ताईच्या पायाला भिंगरी लागली हाय." खरंच होतं ते.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक शहाणपणा केला. माझा जुना फोन मामांना नेऊन दिला. दिवसभर त्यांच्या शेजारी बसून मेसेज कसा लिहायचा, फोटो कसा काढायचा, ग्रुप म्हणजे काय, सगळं शिकवलं. मामा एका बोटाने लिहायला शिकले. पाड्यावर रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर येते, तेव्हा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं, असं ठरलं. निघताना मी अगदी ऐटीत म्हटलं, "आता मी आले नाही तरी काही अडणार नाही, मामा." मामी उठून आत गेली. मामांनी मान हलवली. त्या वर्षी खरंच काही अडलं नाही. मी मेसेज केला, मामा स्वतः टेम्पोतून नागली घेऊन गाळ्यावर आले, दोन पापड खाल्ले, गेले. मी लेकीला म्हटलं, "बघ, उगाच दहा वर्षं कंबरडं मोडून घेतलं मी."

जो दिवस वाचला त्याचं मी काय केलं? तो मी दुसऱ्या फोनवाल्यांना दिला. लेकीने मला धंदेवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये घातलं. दर बुधवारी सकाळी सात वाजता चाळीस माणसं आपापल्या चौकटीत येऊन बसतात. सोलरवाले, विमावाले, वास्तुवाले, स्वयंपाकघराची कपाटं करणारे. प्रत्येकाला पंचेचाळीस सेकंद मिळतात. त्यात आपण कोण, काय करतो, आपल्याला कोण हवं आहे, ते सांगायचं. मी बोलता बोलता उठून फिरायला लागायचे, आणि अध्यक्ष ओरडायचे, "ताई, बसा हो, तुमचं नुसतं पोट दिसतंय!" चाळीस चौकटी हसायच्या. मीही हसायचे, दुसरं काय करणार!

चेष्टा करते आहे, पण त्या ग्रुपने मला दिलंही. बंगळूरचे एक गृहस्थ तिथेच भेटले. त्यांची तिकडे आरोग्याच्या खाण्याची दुकानं आहेत. मी बिस्किटांचा नमुना पाठवला, त्यांना आवडला. त्यांनी विचारलं, नागली कुठली? मी म्हटलं, हरसूलकडच्या डोंगरातली. ते म्हणाले, "हीच पाहिजे. बाजारातली दुसरी कुठली घालून बिस्किटं कराल तर माल परत येईल." वर्षभराची ऑर्डर होती. आमचा गाळा दर वर्षी पावसाळ्यात चार महिने बंद असतो, बायका तेवढे महिने घरी बसतात, कुणी भांडी घासायला जाते. ही ऑर्डर आली म्हणजे बारा महिने काम. मी चौघींना सांगितलं तेव्हा त्यातली सगळ्यात मोठी, जी कधीच काही बोलत नाही, ती म्हणाली, "खरंच का हो ताई? मग मी जिच्याकडे भांडी घासते त्या बाईला नाही म्हणून सांगते." आणि तिने सांगितलंही. आता सगळं अडलं होतं एकाच गोष्टीवर, मामांच्या नागलीवर. ती आली की ऑर्डर आपली, नाही आली की नाही.

इथे माझी एक लबाडी सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या ग्रुपचा एक नियम आहे. दर आठवड्याला प्रत्येकाने दुसऱ्याला एक तरी 'रेफरन्स' द्यायचा, म्हणजे उपयोगाच्या कुणाचं तरी नाव आणि नंबर. पावसाळ्यात सलग तीन बुधवार माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. अध्यक्षांनी चाळीस जणांसमोर विचारलं, "ताई, तुमची पाटी कोरीच का?" माझे कान गरम झाले. तेवढ्यात पुण्याची एक बाई, आहाराचा सल्ला देते ती, म्हणाली, थेट शेतकऱ्याकडून नागली मिळेल का कुठे? मी काही विचार न करता म्हटलं, "मिळेल की! माझ्याकडे आहेत ना एक मामा." आणि दिला नंबर ठोकून. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली. मनात म्हटलं, ही बाई नेऊन नेऊन किती नेणार, चार किलो? मामांना सांगायचंही राहून गेलं.

दिवाळी झाली. मी बंगळूरच्या नादात, पाकिटांची छपाई, परवाना, हे न ते. पाड्यावर जायचं मनातसुद्धा आलं नाही. मामांना मेसेज केला, "मामा, यंदा नागलीचं कसं काय?" एवढाच. घाईघाईत, द्वारकेच्या सिग्नलला गाडी बंद करून. मग माझं खुणा बघणं सुरू. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, एक विमावाला आपले पंचेचाळीस सेकंद भरत असताना मामांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, "नागलीचं बघितलं मी. तुमी आता काळजी करू नका. तुमचे लय उपकार झाले. बरं ताई, येतो."

मी लगेच लिहिलं, "हो, या." आणि वर हात जोडल्याचं चित्र. विमावाल्याला टाळ्या वाजवल्या. काम झालं!

मग मी वाट बघायला लागले. येतो म्हणजे दोन-चार दिवसांत येतील, मागच्या खेपेसारखे टेम्पो घेऊन. गाळा धुऊन काढला. नवी पिंपं आणली. बायकांनी चाळण्या घासल्या, भट्टी लावून बघितली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला की मी बाहेर. फ्रिजवाल्याचा टेम्पो. भंगारवाल्याचा टेम्पो. एकदा तर मंडपवाल्याच्या टेम्पोमागे मी चार पावलं धावले, मागून बायका हसल्या. सोमवारी मामांना मेसेज केला, "मामा, कुठवर आलात?" एकच खूण. करडी. फोन लावला तर बंद. दिवसातून वीस वेळा लावला. रेंज नसेल, चार्जिंग नसेल, आजारी असतील, टेम्पो घाटात अडकला असेल. आपलं मन किती गोष्टी रचू शकतं, ते तेव्हा कळलं. रचली नाही ती एकच, खरी होती ती.

बंगळूरच्या गृहस्थांनी व्हिडिओ कॉल केला. माल कधी निघणार म्हणाले. मी हसून सांगितलं, कच्चा माल रस्त्यात आहे. कॉल ठेवला आणि स्वतःचाच राग आला. रस्त्यात कुठे? कुठल्या रस्त्यात?

नवव्या दिवशी दुपारी डबे खाऊन झाल्यावर बायका रिकाम्या बसल्या होत्या. माझं तोंड बघून मोठीने विचारलं, "ताई, त्यांनी नेमकं लिहिलंय तरी काय? वाचा की एकदा." मी वैतागून फोन तिच्या हातात दिला. तिला थोडं थोडं वाचता येतं. ती अक्षराला अक्षर लावून मोठ्याने वाचायला लागली. नागलीचं बघितलं मी. तुमी आता काळजी करू नका. तुमचे लय उपकार झाले. शेवटच्या शब्दांपाशी आल्यावर तिचा सूर आपोआप खाली आला, उंबऱ्याशी चपला घालत माणूस म्हणतो ना, तसा.

"बरं ताई, येतो."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. "ताई," ती म्हणाली, "हे निघालेत हो. हे येत नाहीयेत."

अगं आई गं! आपल्यात कुणी 'जातो' म्हणतं का? जायचं असलं की येतोच म्हणतात. जन्मभर मी ते ऐकत आले, म्हणत आले. समोर माणूस असला की कळतं, तो उठलेला असतो, पिशवी उचललेली असते, तोंड दाराकडे असतं. मेसेजमध्ये कुठलं दार! मी फोन घेऊन परत वाचलं. आता प्रत्येक शब्द उलटा दिसायला लागला. नागलीचं बघितलं मी, म्हणजे माझ्यासाठी नव्हे, आपलं आपण बघितलं. उपकार झाले. आणि मी काय लिहिलं होतं? 'हो, या.' येतो म्हटल्यावर घरच्या माणसाला हसत निरोप देताना म्हणतात तेच! बारा वर्षांचं नातं त्यांनी रीतसर उठून संपवलं, आणि मी रीतसर त्यांना दारापर्यंत सोडलं, वर हात जोडले. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. म्हणूनच तर मला जास्त संताप येत होता, ओरडायचं कुणावर?

दुसऱ्या दिवशी पहाटेच व्हॅन काढली. द्वारकेला नेहमीप्रमाणे अडकले, एका ट्रकवाल्याशी भांडले, त्र्यंबकपर्यंत तोंडाने सारखी बडबड. मामा, बारा वर्षं मी दुसरीकडे बघितलं नाही. मामा, निदान एक फोन करायचा. मामा, कुणी कान भरले तुमचे? घाटात गाडी चढवताना मी इतकी वाक्यं तयार केली होती की पंचेचाळीस मिनिटंसुद्धा पुरली नसती. शाळेपाशी गाडी लावली आणि पायवाटेने जवळजवळ पळतच खाली उतरले.

मामा अंगणात दोरी वळत बसले होते. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की माझं पहिलं वाक्य तिथेच राहिलं. चोरी पकडल्यासारखं काही नाही, ओशाळणं नाही. "ताई! आवं, एवढ्या सकाळी? हिकडं ये गं, कोण आलंय बघ!" मामी सूप घेऊन बाहेर आली. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग पाट आणला.

ओसरीवर कापडी पिशव्यांची रांग लावलेली होती. पाच-पाच किलोच्या असतील. शंभरावर. प्रत्येक पिशवीला कागदाचा तुकडा टाचलेला, त्यावर फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरात कुणाकुणाची नावं, मामांच्या हातची. नागली होती ती. माझी नागली.

"फोन का बंद आहे तुमचा?" मी विचारलं. आवाज माझ्या मनात होता त्यापेक्षा चढा निघाला.

"बिघाडलाय. त्र्यंबकला भाच्याकडं दिलाय, उद्या येतो म्हणलाय." मामा उत्साहाने उठले आणि पिशव्यांपाशी गेले. "ताई, बघा तरी! तुमच्या पुण्याच्या बाई. तुमी नंबर दिला ना त्यांना? त्या आल्या हितं, गाडी घेऊन. मंग त्यांनी त्यांच्या सोसायटीत सांगितलं, मंग त्यांच्या बहिणीच्या सोसायटीत. मी ग्रुप काढलाय! तुमी शिकवला तसा. समद्या बायाच हायेत त्यात. येत्या रविवारी टेम्पो यायचाय."

माझ्या तोंडून निघालं, "मला सांगितलं नाही मामा तुम्ही."

"सांगितलं ना," मामा म्हणाले. "लिवलं ना तुमाला. तुमी म्हणल्या, हो, या." मग ते माझ्या शेजारी टेकले आणि आवाज जरा हळू झाला. "ताई, तुमाला आता वेळ नाय, मला ठावं हाय. तिकडं मिटिंगा असत्यात. दोन सालं झाली, तुमी आल्या नाय. मी म्हणलं, ताईंना आता नागली जड झाली, पन सांगायला जीव होत नसंल. मंग पुण्याच्या बाईंचा फोन आला, तुमचं नाव घेतलं. तवा मला कळलं. ताईंनी आपल्याला सोडायच्या आधी आपली सोय लावून दिली. कोण करतं वो असं? म्हणून उपकार लिवलं."

मला वाटलं जमीन फाटावी. पाटी कोरी दिसू नये म्हणून, चाळीस चौकटींसमोर लाज जाऊ नये म्हणून मी टाकलेला नंबर, आणि हा माणूस त्याला उपकार म्हणतो! खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मामा हसत मामीकडे वळले. "ही मातर रोज म्हणायची. नागली संपली, ताई संपल्या. आता ती बाई पाड्यावर पाय ठेवायची नाय. बारा सालं मी हिला सांगतोय, ताई नुसत्या नागलीसाठी येत नाय. पन ऐकंल तर शपथ!"

मामी सुपात काहीतरी पाखडत होती. मान वर केली नाही, पण हात थांबला होता तिचा.

मग मामांचं हसणं विरलं. माझा चेहरा त्यांनी बघितला असावा. "ताई," ते म्हणाले, "तुमाला पायजे होती का? नागली?"

ते उठून उभे राहिले. "पायजे असंल तर सांगा. माझं काय, मी आताच्या आता ह्या पिशव्या फोडतो, पोत्यात भरतो. त्या बायांना सांगीन, यंदा पिकलंच नाय. भाच्याच्या फोनवरनं सांगतो. तुमी तोंडातनं काढा फक्त."

आणि त्यांनी ते केलं असतं. मला पक्कं माहीत आहे, केलं असतं. शंभर बायकांना दिलेला शब्द माझ्यासाठी मोडला असता, खोटं बोलले असते, ज्या माणसाने बाजारात कधी खडा असलेली नागली चांगली म्हणून विकली नाही तो माणूस. माझ्या डोळ्यांसमोर गाळ्यातल्या चौघी आल्या. ती मोठी आली, भांडीवाल्या बाईला नाही म्हणून सांगून बसलेली. बंगळूरचे गृहस्थ आले. फक्त एक शब्द टाकायचा होता. 'पाहिजे.' जिभेवर होता. मामांचा हात पहिल्या पिशवीच्या गाठीवर गेलेला होता, आणि मामी माझ्याकडे बघत होती.

त्या एका क्षणात माझ्या जन्माचा उतावळेपणा कुठे गेला होता, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी ती ऑर्डर रद्द केली. कॅमेऱ्यासमोर बसून, न फिरता, बंगळूरच्या गृहस्थांना खरं सांगितलं. बायकांना तोंडावर सांगितलं. मोठी म्हणाली, "असू द्या ताई," आणि तोंड फिरवून चाळण्या आवरायला लागली. ते मला अजून सोसवत नाही. पुढच्या हंगामाची नागली मी मामांशी त्याच भेटीत, दुसऱ्या चहाला, बोलून ठेवायला हवी होती, तेही केलं नाही. हे सगळं पुढचं. पाटावर बसल्या बसल्या मी एवढंच म्हटलं.

"नाही हो मामा. मी सहज आले."

"सहज?"

"हो. दोन वर्षं झाली ना, भेटले नव्हते. म्हटलं जाऊन यावं सहज."

मामांनी मांडीवर अशी थाप मारली की कोंबड्या उडाल्या. "ऐकलं का गं? ऐकलं का? सहज आल्यात! नाशिकवरनं, घाट चढून, सहज! आता बोल!" ते अंगणभर फिरले, शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडले, ताई आल्यात, कामाबिमाला नाय, अशाच आल्यात. मग स्वतः चूल फुंकायला आत गेले. चहा झाला. दुसरा झाला. मी प्रत्येक कप घेतला, गाईची चौकशी केली, कुणाचं लग्न झालं ते ऐकलं. आतून मला रडू फुटत होतं, आणि बाहेरून मी हसत होते.

निघायच्या वेळी मामीने परसातला डांगर, म्हणजे लाल भोपळा, तोडला. मला उचलू देईना. स्वतः कडेवर घेऊन पायवाटेने माझ्याबरोबर शाळेपर्यंत चढून आली. मामा खाली अंगणात उभे राहून शेजाऱ्याला अजून तेच सांगत होते, त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. मी पुढे होऊन व्हॅनचं मागचं दार धरून ठेवणार, त्याआधीच मामीने ते उघडलं.

मागच्या सीटा मी पहाटे काढून टाकल्या होत्या. सगळी गाडी मोकळी, आणि मधोमध वीस रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा, वर दाभण आणि सुतळी.

मामी बघत राहिली. तिने डांगर त्या पोत्यांवर नीट बसवला, घरंगळू नये म्हणून एका पोत्याची घडी उलगडून कडेला लावली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. मग खाली अंगणाकडे एकदा बघून तिने माझा हात धरला.

"त्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली.